जनरेटर, शेगडी, गॅस गीझर: बंद खोलीत गॅसनं जीव जाऊ नये म्हणून काय काय करायचं

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, यवतमाळ जिल्ह्यात, सोबत जनरेटरही भाड्यानं देतो. गिऱ्हाईक बाकी सगळं ऐकतं, पेट्रोल किती लागेल, किती पंखे चालतील, बंद कसा करायचा, फक्त एक गोष्ट ऐकायला तयार नसतं, की हे यंत्र घराच्या आत ठेवायचं नाही. पाऊस आला की सपरीत म्हणजे पडवीत, चोरीची भीती वाटली की खोलीत, आवाज होतो म्हणून दार लोटून. "खिडकी उघडी ठेवतो नं भाऊ, काय होते त्यानं?" हे ठरलेलं वाक्य. तर काय होते ते आधी सांगतो, मग एकेका वस्तूचं काय करायचं ते. शेगडी, गॅस गीझर अन् विहिरीतलं इंजन पण यातच घेतो, कारण मारणारा गॅस एकच आहे.

गॅस कोणता अन् तो करतो काय

पेट्रोल, डिझेल, लाकूड, कोळसा, गोवरी, सिलेंडरचा गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. श्वासावाटे रक्तात गेला की हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतो, त्यामुळं माणूस श्वास घेत राहतो पण मेंदूला अन् हृदयाला ऑक्सिजन पोचतच नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात, मग डोकं चालत नाही, आणि इथंच खरी गोम आहे, की बाहेर पळावं हे समजायला जे डोकं लागतं तेच आधी बंद पडतं. झोपलेल्या माणसाला तर डोकेदुखी पण समजत नाही.

किती गॅस लागतो याचा हिशोब करून बघा. दहा बाय दहाची खोली, उंची पण दहा फूट धरा, म्हणजे आत साधारण २८ हजार लिटर हवा झाली. हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग हा गॅस झाला, म्हणजे ४०० पीपीएम, तर तासा-दोन तासांत डोकं फुटायला लागतं आणि तीनेक तासांनी जीवावर बेततं. त्या खोलीत ४०० पीपीएम व्हायला गॅस लागतो फक्त ११-१२ लिटर, आंघोळीच्या एका बादलीत मावेल एवढा! १६०० पीपीएम झाला तर तासा-दोन तासांत माणूस संपतो. खोली गच्च बंद असली तर शंभर-दीडशे ग्रॅम कोळसा सुद्धा त्या ४०० पर्यंत न्यायला पुरतो, आणि आपण घमेलंभर इंगळ नेऊन ठेवतो.

एक समज डोक्यातून काढा, की हा गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून खाटेवर झोपलं की काही होत नाही. सिलेंडरचा गॅस खाली बसतो, हा नाही. याचं वजन जवळपास हवेएवढंच, सगळ्या खोलीत सारखा मिसळतो, त्यामुळं खाटेवर असा नाहीतर जमिनीवर, फरक पडत नाही.

धूर नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही

आपल्याकडे धुराची सगळ्यांना सवय आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या की धूर होतो, डोळ्यातून पाणी येतं, माणूस आपोआप दार उघडतो. ते सगळं जळून लालबुंद इंगळ झाले, धूर थांबला, की म्हणतो आता आत न्यायला हरकत नाही. उलट आहे राजेहो. कोळसा नुसता धुमसत असतो तेव्हाच हा गॅस भरपूर सुटतो. राखेत दाबून ठेवलेला विस्तव पण रात्रभर सोडत राहतो. वरून विझलेली दिसते म्हणून थंड समजून आत आणलेली शेगडी ही सगळ्यात वाईट, कारण तिच्याकडं कोणाचं लक्षच नसतं.

दुसरी गोष्ट घराची. "आमच्या आज्यानं जिंदगीभर घरात शेगडी ठेवली, काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतातच. आज्याचं घर कवेलूचं होतं, वरून चंद्र दिसायचा, दाराच्या फटीतून मांजर जायची. आता घरकुलात स्लॅब आहे, भिंतीला प्लास्टर, सरकत्या काचेच्या खिडक्या, त्यावर थंडीत आपण खिडकीच्या फटीला पोतं लावतो, दाराखाली चिंधी कोंबतो. शेगडी तीच राहिली, घर बदललं.

जनरेटर: जागा आधी, बाकी मग

भाड्यानं आणा नाहीतर घरचा असो, पहिले जागा ठरवा. घराच्या कोणत्याही दारा-खिडकीपासून कमीत कमी २० फूट लांब, उघड्यावर. २० फूट म्हणजे साधी सात-आठ पावलं. सायलेंसरचं तोंड घराच्या उलट बाजूला, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडं पण नाही, गावात घराला घर लागून असते म्हणून हे मुद्दाम सांगतो. सपरी, ओसरी, जिन्याखालची जागा, गुरांचा कोठा, अर्धं शटर टाकलेलं दुकान, हे सगळं "आत" मध्येच येतं. एका छोट्या पोर्टेबल जनरेटरमधून शेकडो चालू गाड्यांएवढा हा गॅस निघू शकतो, त्यापुढं खिडकी उघडी ठेवून नाहीतर पंखा लावून काही होत नाही. खिडकीतून तर कधी कधी बाहेरचाच धूर आत येतो, वारा फिरला की.

आता लोकांच्या अडचणी.

पाऊस असेल तर चार बल्ल्या गाडून वर टिनाचा पत्रा टाका, चारही बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्री गुंडाळू नका, यंत्र पण तापतं आणि धूर पण कोंडतो. खाली दोन विटांवर फळी ठेवली की पाणी लागत नाही. ओल्या हातानं हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

चोरीची भीती असेल तर साखळी अन् कुलूप. झाडाला नाहीतर गाडलेल्या अँगलला बांधा. रात्री बंद करून पूर्ण थंड झाल्यावर आत घेतला तर चालतं, फक्त चालू असताना नाही, आणि पेट्रोल भरलेला झोपायच्या खोलीत तर नाहीच.

वायर आखूड पडते ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी सबब, यंत्र जवळ येत येत शेवटी उंबऱ्यापाशी येतं ते याच्यामुळंच. दोन केव्हीएच्या जनरेटरला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची चांगली वायर घ्या, तीस-चाळीस फूट, ती एकदाच घ्यावी लागते. जुन्या वायरला गाठी मारून, टेप गुंडाळून लांब करू नका. घराच्या लाईनला जोडायचं असेल तर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी खांबावरची लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडलेलं राहतं. प्लगमधून उलटा करंट सोडायची जी जुगाड पोट्टे करतात त्यानं खांबावर चढलेला लाईनमन मरू शकतो.

एक जुगाड अजून दिसते, सायलेंसरला पाईप जोडून भिंतीच्या भोकातून बाहेर काढायचा आणि यंत्र आतच. जोड हलतात, कंपनानं ढिले होतात, पाईप तडकतो, आणि गळती झाली तर समजणार कशी, वासच नाही त्या गॅसला. मोठे डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर बांधीव खोलीत असतात, पण त्यांचा धुराडा हिशोबानं काढलेला असतो, त्या खोलीत कोणी झोपत नाही. आपल्या छोट्या यंत्राला ते लागू करू नका. डिझेलचं इंजन पेट्रोलपेक्षा हा गॅस कमी सोडतं हे खरं आहे, पण कमी म्हणजे आत ठेवण्याएवढा कमी नव्हे.

पिठाची चक्की, झेरॉक्सचं दुकान, ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर, यांनी जरा जास्त ध्यान द्या. लाईन गेली की मागच्या बोळात यंत्र सुरू करतात, बोळ दोन्हीकडून भिंतीनं बंद, आणि मागची खिडकी नेमकी तिथंच. दुपारपासून डोकं दुखते, संध्याकाळी घरी गेलं की बरं वाटते, असं होत असेल तर चष्म्याचा नंबर तपासायच्या आधी तो बोळ तपासा.

शेगडी, घमेलं अन् बाळंतिणीची खोली

विदर्भ म्हटलं की सगळ्यांना ऊन आठवतं, पण नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशावर गेला होता. वावरात, नाल्याकाठी तर अजून बोचतं. शेकोटी अंगणात करा, ओट्यावर करा, काही म्हणणं नाही. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी, इंगळाचं घमेलं, चुलीतला विस्तव, यातलं काहीच न्यायचं नाही. "झोपायच्या आधी काढून घेऊ" हे रात्री कोणी करत नाही, ऊब लागली की डोळा लागतो. आणि काढली तरी तोवर सुटलेला गॅस खोलीतच असतो, दार-खिडकी उघडून चांगली हवा खेळू दिल्याशिवाय जात नाही, मग तापवून फायदा काय.

वावरात जागलीला जाणाऱ्यांचं वेगळं. रात्रीची लाईन असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं, मधे तासभर खोपडीत म्हणजे वावरातल्या झोपडीत अंग टाकायचं. खोपडीला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत विस्तव घेऊन झोपू नका. विस्तव बाहेर, खोपडीच्या तोंडाची एक बाजू पूर्ण उघडी, आणि कानटोपी, दोन घोंगड्या, खाली पऱ्हाट्या-तणसाचा जाड थर. थंडी खालून जास्त लागते, लोक वरून पांघरूण वाढवतात अन् खाली नुसतं पोतं टाकतात.

आता बाळंतीण. यावर लिहायला जरा जपून लिहावं लागतं कारण यात घरच्या म्हाताऱ्या बायांची माया असते. सव्वा महिना बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही म्हणून खोली बंद, बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा अन् बाळंतशोपा टाकून धुरी, आणि त्याच बाजेवर चार दिवसांचं लेकरू. लेकरू मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेतं, म्हणजे गॅस पण तेवढाच भरभर घेतं. बाळंतिणीच्या अंगातून रक्त गेलेलं असतं, बहुतेकींचं हिमोग्लोबिन आधीच कमी, जे आहे तेही हा गॅस अडवून बसतो. पोटुशी बाई त्या खोलीत बसत असेल तर पोटातल्या बाळाच्या रक्तात हा गॅस आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो, आई ठीक दिसली तरी बाळाला धोका राहतो.

माझा अनुभव असा, की आजीला "शेगडी बंद" म्हटलं की भांडण होते. "शेगडी सपरीत, शेक आत" म्हटलं की ऐकते. म्हणजे असं करा:

शेगडी सपरीत दारापासून लांब पेटवा, तिथं तव्यावर सुती कापडाच्या घड्या तापवा आणि त्या आत नेऊन शेक द्या. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, लेकराची कातडी लवकर भाजते. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पायथ्याशी ठेवा, लेकराला चिकटवून नाही. लेकराला टोपी, मोजे, आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, त्या उबेची बरोबरी शेगडी करू शकत नाही, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई पण हेच शिकवतात. अंग शेकायचंच असेल तर दुपारी, उन्हात, आडोशाला बसून. धुरी द्यायचा हट्ट असेलच तर लेकरू दुसऱ्या खोलीत ठेवून, दार उघडं ठेवून, दोन मिनिटं, आणि मग शेगडी बाहेर. मला विचाराल तर धुरी नकोच, पण भांडण करून बंद पाडण्यापेक्षा एवढं पाळलेलं बरं.

लाईटवर चालणारा हीटर, रॉडचा असो नाहीतर ब्लोअर, त्यातून हा गॅस निघत नाही कारण त्यात काही जळत नाही. त्याची भीती वेगळी. दोन हजार वॅटचा हीटर आठ-नऊ अँपिअर ओढतो, त्याला मोठा पॉवर प्लग लागतो, टीव्हीच्या बोर्डाला एक्स्टेंशन लावून चालवला की वायर वितळते. गोधडी, पडदा, मच्छरदाणी तीन फूट लांब. हजार वॅटचा तासभर चालला की एक युनिट पडते, तेवढा हिशोब करून घ्या. सिलेंडरवर चालणारा गॅस हीटर मात्र शेगडीच्याच जातीतला समजा.

गॅस गीझर

तालुक्याच्या गावात आता हे घरोघरी झालेत, चुलीवर पाणी तापवायचा त्रास गेला, चांगलंच आहे. पण बाथरूम चार बाय पाचचं, वर एक छोटं झरोकं, तेही थंडी म्हणून बंद, आतून कडी, आणि गीझर भिंतीवर आतच. गॅस जळायला हवा लागते, ती संपत येते, ज्योत अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साईड वाढतो. माणूस आत पडला की घरच्यांना वाटते पाय घसरला नाहीतर अटॅक आला.

नवीन बसवत असाल तर गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर, आत फक्त गरम पाण्याचा पाईप. मेकॅनिक पाईप वाचवायला आतच बसवू बघतो, ऐकू नका. आधीच आत असेल तर तो बाहेर काढेपर्यंत एकच पद्धत: दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग दार लावून आंघोळ. चालू गीझरखाली शॉवर घेणं बंद. एकामागून एक सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी करायच्या असतील तर मधे दार उघडं सोडा. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही, बाहेरची हवा आत यायला खाली पण जाळी पाहिजे. ज्योत निळी पाहिजे. पिवळी-नारिंगी दिसली, वर काजळी धरली, तर त्याच दिवसापासून बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवा.

विहिरीतलं इंजन

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की इंजन वरून पाणी ओढत नाही, सात-आठ मीटरच्या खालून कोणताच पंप सक्शननं पाणी वर ओढू शकत नाही, म्हणून लोक विहिरीत फळ्यांचा माळा करून इंजनच खाली उतरवतात. विहीर म्हणजे एक उभी बंद खोलीच, खाली वारा फिरत नाही. इंजन बंद झालं म्हणून डिझेल टाकायला एक जण उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. एकाच विहिरीत बापलेक नाहीतर दोघं भाऊ जातात ते असेच.

इंजन खाली नेऊच नका. जनरेटर वर अन् पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल पंप खाली, नाहीतर सोलर पंप. पूर्वी कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. त्यानं ऑक्सिजन कमी आहे का ते समजते, कार्बन मोनॉक्साईड असला तरी कंदील मजेत जळत राहतो, तेव्हा त्या भरवशावर उतरू नका. कोणी आत पडलाच तर वरून दोर टाका, त्याच्या अंगाखाली अडकवता आला तर ओढा, आणि १०१ नाहीतर ११२ ला फोन करा. दुसऱ्यानं उतरायचं नाही. हे पाळणं किती जड जाते ते माहीत आहे.

अलार्म घ्यायचा तर कोणता

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ऑनलाईन मिळतो. घेताना तीन वस्तूंची गल्लत होते: सिलेंडरची गळती सांगणारा वेगळा, धूर सांगणारा वेगळा, आणि हा वेगळा. डब्यावर कार्बन मोनॉक्साईड, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असं लिहिलेलं बघा, आणि सेन्सरची मुदत बघा, साधारण पाच ते दहा वर्षं असते, नंतर वाजला नाही तरी दिसायला तसाच दिसतो. झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीच्या आसपास लावा, पडद्याआड नाही. टेस्टचं बटन दाबून महिन्यातून एकदा भोंगा अन् बॅटरी तपासा, अगरबत्ती धरून काही समजत नाही. युरोपच्या मापानं बनवलेला अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासानं, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो, म्हणजे तो वाजला आणि तुम्हाला अजून काहीच होत नाही म्हणून बंद करून परत झोपायचं नसतं. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी आत, असं तर अजिबात नाही.

लागलाच गॅस तर

ओळखायची खूण: घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गरगर, ताप नाही, आणि बाहेर अंगणात गेलं की बरं वाटते. आपल्याकडे याला पित्त म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं म्हणतात, कोणी बाहेरची हवा लागली म्हणून उतारा टाकतो, दारू घेणारा असला तर त्याला कोणी उठवतच नाही. चेहरा लाल पडतो असं ऐकलं असेल, ती खूण बहुतेक वेळा दिसत नाही किंवा फार उशिरा दिसते.

दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. जाता-येता हात पोचत असेल तर गीझर नाहीतर जनरेटर बंद करा, पण त्यासाठी आत थांबू नका. १०८ ला फोन. बेशुद्ध आहे पण श्वास आहे, तर कुशीवर झोपवा. श्वासच नाही तर छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. कांदा हुंगवणं, लिंबूपाणी, ताक तोंडात ओतणं, काही करू नका, बेशुद्ध माणसाच्या फुफ्फुसात जाते ते.

दवाखान्यात पहिलं वाक्य हे बोला: "बंद खोलीत शेगडी होती", किंवा जे काही होतं ते. हे सांगितलं नाही तर डॉक्टरला पण समजायला वेळ लागतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं फसवते, गॅस चिकटलेल्या रक्ताला ते ऑक्सिजनवालं रक्त समजते आणि ९८ दाखवते, म्हणून "ऑक्सिजन तर बरोबर आहे" म्हणून घरी परत येऊ नका. उपाय शुद्ध ऑक्सिजन, घट्ट मास्कमधून. साध्या हवेत रक्तातला निम्मा गॅस जायला चार-पाच तास लागतात, मास्कच्या ऑक्सिजननं तेच काम तास-दीड तासात होते, त्यामुळं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी मास्क लावून घ्या आणि तसंच लावून पुढं न्या. पोटुशी बाई, तान्हं लेकरू, हृदयाचा पेशंट, किंवा जो थोडा वेळही बेशुद्ध पडला होता तो, यांना मोठ्या दवाखान्यात दाखवाच, शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी.

घरी आल्यावरही महिना-दीड महिना लक्ष ठेवा. काही जणांना मधे सगळं ठीक होऊन नंतर विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ असं सुरू होते, तसं दिसलं तर जुने कागद घेऊन परत डॉक्टरकडं जा आणि त्या रात्रीचं पुन्हा सांगा. आणि ज्या गीझरनं नाहीतर यंत्रानं हे झालं ते जागा बदलून, जाणकाराला दाखवून घेतल्याशिवाय कोणी सुरू करू नये म्हणून त्याचा गॅस पाईप नाहीतर प्लग काढून ठेवा, चार दिवसांनी पाहुणे येतात अन् कोणीतरी बटन दाबतंच.